आधी गाडीला पाणी

ऑर्व्हिल हॅस्केटला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चाळीस वर्षं खाणीतली यंत्रं दुरुस्त केलेली, त्यामुळे लोखंड आपल्याशी बोलतं असा त्याचा ठाम समज. बायको लोरीन बोलायची ते मात्र त्याला ऐकू यायचं नाही.

नेवाडाच्या वाळवंटात माझा पेट्रोल पंप. पुढे नव्वद मैल चिटपाखरू नाही. दर जुलैत ऑर्व्हिल त्याची सत्तावन्न सालची हिरवी गाडी घेऊन यायचा, टाकी भरायचा आणि लोरीनला तिच्या बहिणीकडे न्यायचा. जायचा जुन्या रस्त्यानेच. जुन्या गाडीला जुना रस्ता, हा अशा जुन्या गाडीवाल्यांचा नेम. हमरस्त्यावर पोरं मागून हॉर्न वाजवतात, यांच्या मानाला धक्का लागतो ना! जुन्या रस्त्यावर आता आठवड्यात दोन गाड्या गेल्या तर गेल्या.

पंच्याऐंशी साली लोरीनचं हृदय अधू झालं होतं. ऑर्व्हिल टाकी भरत असताना ती माझ्याजवळ आली. ओठ निळसर दिसत होते.

"मेव्हिस, डॉक्टर म्हणालेत ऊन टाळ. निदान हमरस्त्याने तरी जाऊ दे. तू सांग, तुझं ऐकेल तो."

माझ्या जिभेला हाड नाही. नीट सांगायचं सोडून मी ओरडले, "काय रे ऑर्व्हिल, हा खटारा घेऊन निघालास? ओढगाडी घेऊन मागोमाग येऊ का?"

"खटारा कुणाला म्हणतेस गं?" तो तडकला. "अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी रस्त्यात टाकलंय हिनं मला? त्या नव्या गाड्या तूच ओढत आणतेस दर महिन्याला!"

त्याने बॉनेट उघडून दाखवलं. पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावलेले. "उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन बंद पडतं. चिमट्यांनी नळी गार राहते. नाहीच राहिली तर ओलं फडकं. पाण्याचे तीन कॅन आहेत मागे."

लोरीनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले आणि हसले. तो मुद्दाम हॉर्न वाजवत जुन्या रस्त्याला लागला.

संध्याकाळी पाचला लोरीनच्या बहिणीचा फोन आला. "अजून पोचले नाहीत गं." ओढगाडी काढली आणि सुटले.

एकतिसाव्या मैलावर हिरवा टप दिसला. बॉनेट उघडं होतं. पेट्रोलच्या नळीला लोरीनचा टॉवेल गुंडाळलेला, अजून ओला. तिन्ही कॅन उपडे पडलेले. गाडीच्या सावलीत ऑर्व्हिल बसला होता आणि त्याच्या मांडीवर लोरीनचं डोकं.

"फडकं वाळायचं, मी भिजवायचो," तो म्हणाला. त्याचेही ओठ फुटले होते, त्यानेही घोटभर प्यायलं नव्हतं. "रेडिएटर उकळत होता. म्हटलं, आधी गाडीला. ती चालली की लोरीनला तासाभरात पोचवतो. आत्ता होईल, आत्ता होईल..."

मी तिचा हात धरला. गार नव्हता. त्या उन्हात काहीच गार होत नाही. पण नाडी नव्हती.

मी तेव्हा 'खटारा' म्हटलं नसतं तर? हे मी आजही स्वतःला विचारते, आणि उत्तर मला ठाऊक आहे.

लोरीनला माझ्या गाडीत ठेवलं. मग त्याची गाडी ओढायला जोडण्याआधी मी एकदा चावी फिरवून पाहिली. ऊन उतरलं होतं, नळी निवली होती. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. कुठे खरखर नाही, धाप नाही.

ऑर्व्हिल ऐकत उभा राहिला.

"बंद कर," तो म्हणाला. "मेव्हिस, बंद कर ती."