सुतळीने बांधलेला अभ्यासक्रम

"त्या खोलीत झाडू माराचा म्हटलं तं वाकूनच जा लागते वं. पोरीनं पुरी सुतळी बांधून ठेवली."

होस्टेल झाडणाऱ्या मावशी दाराबाहेर कोणाला तरी सांगत होत्या आणि मी आत, त्याच सुतळीखाली, बसून ऐकत होते. ती पोरगी म्हणजे माझी रूममेट. आमच्या विद्यापीठाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जगात दोनच माणसांनी वाचला असेल. एक, ज्याने तो टाइप केला तो, आणि दुसरी ही. त्यातही टाइप करणाऱ्याने मधली काही पानं न वाचताच टाइप केली, असं तिचं ठाम मत होतं.

मी वणीची, इंग्रजी शाळेत शिकलेली आणि बोलण्याच्या बाबतीत कंजूष. ती ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यातली, कपाशी-तुरीच्या घरातली. पहिल्या वर्षी यवतमाळला आल्या दिवशी, गादी पसरायच्याही आधी, तिने चार वर्षांचे सगळे विषय कागदांवर लिहून भिंतींवर चिकटवले आणि ज्या विषयाशिवाय पुढचा विषय समजत नाही, त्या दोघांमध्ये सुतळी ताणली. गणित खिडकीवर, डेटा स्ट्रक्चर माझ्या कपाटावर, ऑपरेटिंग सिस्टिम पंख्याच्या बटणांशेजारी, नेटवर्क दाराच्या कडीला. दार जोरात उघडलं की नेटवर्क खाली पडायचं. मी बिचकत बिचकत माझा ओला टॉवेल डेटा स्ट्रक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या मधे वाळत टाकला, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "अवं, तिथं नको टाकू. सुतळी लोंबली का वाटते दोन विषयाइत लय अंतर आहे. इथं तं लगेच पोहोचा लागते." मी टॉवेल काढला. मला राग यायला हवा होता, पण ऑपरेटिंग सिस्टिम डेटा स्ट्रक्चरच्या किती जवळ आहे, हे मला कोणत्याच सरांनी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

विषय निवडण्याचं तिचं शास्त्र शेतातून आलं होतं. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ घेतात, तसा प्रत्येक जड विषयाच्या बाजूला हलका विषय हवाच. एका मैत्रिणीने हौसेने तीन गणिती विषय एकाच सेमिस्टरला घ्यायचं ठरवलं, तर ही तिच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "जमीन खराब करून राह्यली तू." पोरं कॅन्टीनमध्ये मार्कशीट घेऊन तिच्यासमोर रांगेत बसायची. गणित तीनमध्ये पुन्हा पुन्हा नापास होणाऱ्या एकाची मार्कशीट तिने नाडी बघावी तशी बघितली. "तुले गणित तीन जड नाही जात. तुह्यं गणित एकच कच्चं राह्यलं. वरून कायले लिंपतं?" तो बिचारा पहिल्या वर्षाचं पुस्तक काखेत धरून महिनाभर तोंड लपवत फिरला, आणि पास झाला. त्यानंतर तो तिला तर्री-पोहे खाऊ घातल्याशिवाय कोणत्याही परीक्षेला बसला नाही.

एकदा तर ती मला सोबत घेऊन थेट विभागप्रमुख सरांच्या केबिनमध्ये शिरली. छापील अभ्यासक्रम टेबलावर उघडून म्हणाली, "सर, हे पाहा. पोरगं पाचव्या सेमिस्टरले अन् त्याचा बाप सहाव्या." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एका विषयासाठी जे आधी शिकलेलं असायला हवं, ते खरोखरच नंतर ठेवलेलं होतं. आमच्या आधी किती पोरं तो विषय निमूटपणे पाठ करून पास होऊन गेली असतील. मीही गेले असते. मी तिच्या मागे उभी होते आणि मला वाटलं, ही मुलगी अभ्यासक्रम वाचत नाही, तिला तो दिसतो.

तिला स्वतःसाठी मात्र एकच विषय हवा होता. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवण्याची विद्या. पाचव्या सेमिस्टरला एकच ऐच्छिक विषय निवडता यायचा, वर्गात ज्याला जास्त हात तोच उघडायचा, आणि दरवर्षी वेब डिझाइनच उघडायचं, कारण ते सोपं.

"कंपायलरच काहून?" मी विचारलं होतं.

"घरी मायसंग, आमच्या याडीसंग, गोरबोली, शाळेत मराठी, इथं इंग्रजी. लहानपणापासून मी एकीतलं दुसरीत नेऊनच राह्यली. नेता नेता काय सांडते, ते मले माहीत आहे. मशीन न सांडता कसं नेते, ते एकदा पाहू दे नं."

तिने होस्टेलच्या सगळ्या मजल्यांवर प्रचार केला. सगळ्या म्हणाल्या, हो हो, करू ना. मला तिने एका शब्दाने विचारलं नाही. "तुले कायले विचारू? तुले पटन ते तू करशीन."

आता ती इंटर्नशिपसाठी पुण्याला गेली आहे, सगळी सुतळी सोडून सोबत घेऊन. खोलीत सरळ उभं राहून चालता येतं आणि मला ते आवडत नाही. तिची आठवण आली की मला तो विषय निवडण्याचा तासच आठवतो.

विभागप्रमुख सरांनी वेब डिझाइन म्हटलं आणि हातांचं रान उभं राहिलं. होस्टेलच्या 'हो हो'वाल्यासुद्धा त्यातच होत्या. कंपायलर म्हटल्यावर ती एकटी उठली. मागून कोणीतरी म्हणालं, "बस वं मास्तरीण!" वर्ग हसला. ती बसली नाही.

"अगं, एकट्या मुलीसाठी वर्ग कसा उघडू?" सर खरोखर हळहळले. "निदान दोघी असत्या, तर मीच केबिनमध्ये बसवून शिकवलं असतं."

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिने मान जराही माझ्याकडे वळवली नाही. भर वर्गात बोलायचं म्हटलं की माझं काय होतं, ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांत मी त्या वर्गात हजेरीच्या 'प्रेझेंट'पलीकडे काही बोलले नव्हते. मला मोकळं सोडण्यासाठी ती फळ्याकडे बघत उभी राहिली. वाक्य माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार झालं, मराठीत यायला अडखळलं. तोवर सर पेन खिशाला लावून दाराकडे वळले होते. बाक करकरला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, तेव्हा कळलं, मी उठून उभी राहिले आहे.

"सर," मी म्हणाले, "एकटी नाही. दोघी आहोत."