मॅटवरचे एक पाऊल

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. इंग्लंडमधल्या आमच्या लष्करी अकादमीच्या फुटबॉल संघाचा कर्णधार निखिल माझ्या खोलीत स्क्रीनसमोर बसला होता. दोन वाजता प्रतिस्पर्धी अकादमीशी वर्षातला सर्वांत मोठा सामना होता. तीन आठवड्यांपूर्वी गोलखांबावर डोके आपटून त्याला कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, बसला होता. मी संघाची फिजिओ; आज तो खेळणार की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होते.

चाचणी सोपी असते. ठिपका दिसताच बटण दाबायचे. लागलेला वेळ सप्टेंबरमधल्या बेसलाइनशी, म्हणजे निरोगी असतानाच्या आकड्याशी, ताडून पाहायचा. निखिलची बेसलाइन ३४० मिलिसेकंद. आज ३३८.

“पास!” प्रशिक्षक मेजर म्हणाले. “कर सही.”

मी केली नाही. बावीस वर्षांच्या खेळाडूला ३४० फारच संथ. मी साऱ्या संघाचे आकडे उघडले. सगळेच संथ. माझा स्वतःचा २६० आहे, आणि मी बस पकडायलाही धावत नाही.

मेजरांना कळू नये म्हणून मी मराठीत विचारले, “सप्टेंबरमध्ये मुद्दाम हळू दाबलंस?”

निखिल इंग्लंडातच, लेस्टरला वाढलेला, पण घरी मराठी बोलणारा. खाली बघत म्हणाला, “ताई, सगळेच करतात. सीनियर्स सांगतात. सप्टेंबरला स्लो, म्हणजे नंतर लागलं तरी पास. आई-बाबा आलेत गं. माझी लास्ट मॅच आहे.”

“डोकं दुखतं?”

“नाही.” हे उत्तर मात्र चटकन आले.

संघनिवडीच्या दिवशी मी आणखी एक वेळ मोजला होता: बीप ऐकून मॅटवरून पाऊल उचलण्याचा. तिथे मुद्दाम संथ राहणारा संघातच येत नाही. निखिलचा आकडा तेव्हा २१२ होता. मी मॅट अंथरली. दहा प्रयत्नांची सरासरी २९१ आली. मग मेजरांना सारे इंग्रजीत सांगितले.

“एका पावलासाठी माझा कर्णधार काढतेस?”

“सर, तुमचा कर्णधार तो संध्याकाळपर्यंतच आहे. अधिकारी पुढची तीस वर्षे असेल. पुन्हा डोक्याला लागलं, तर कदाचित होणारही नाही.”

मेजरांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. “ट्रॅकसूट घाल,” ते निखिलला म्हणाले. “आज बाकावर.”

आम्ही ०–१ हरलो. आता बेसलाइन मी निवडीच्या दिवशी, त्याच मॅटवर घेते. जिथे हरणे परवडत नाही, तिथेच माणसाचा खरा आकडा मिळतो.

निखिल काही दिवस माझ्याशी बोलला नाही. १२ डिसेंबरला स्वतःहून आला आणि मॅटवर उभा राहिला. दहा प्रयत्न. सरासरी २०९.