कालव्याकाठचं घर आणि लातूरची खोली

लातूर नवा जिल्हा झाला आणि तिथल्या कलेक्टर कचेरीत मला टायपिस्टची नोकरी लागली. माझं माहेर बिलोलीचं. टायपिंग मी नांदेडला शिकले होते, पण लग्न होऊन सांगलीकडं गेले आणि बोटांतलं ते कसब तसंच निजून राहिलं.

नवरा तिकडं साखर कारखान्यात फिटर होता. घरामागून कालवा वाहायचा. दुपारी उंबऱ्यात बसलं की पाण्यावरचं ऊन भिंतीवर हलायचं, आणि वाटायचं, आपण घरात नाही, होडीत बसलोय. डांबरी सडक होती, दवाखाना जवळ होता, वीज फारशी जायची नाही. तरी दिवसभरात आपण काय केलं हे संध्याकाळी आठवू पाहिलं, तर हाताला काही लागायचं नाही. दिवस तिथल्या उसासारखे होते, एकसारखे, हिरवेगार, डोक्यापेक्षा उंच. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

नवरा म्हणाला, "जा. वर्षभर बघ. नाही जमलं तर परत ये."

चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी लातूरला आले. खोली एका लिंगायत विधवेच्या घरात मिळाली. पुढं तिचं डाळीचं दुकान, मागं आमची खोली. सगळे तिला अक्का म्हणायचे. आम्ही बौद्ध आहोत, हे मी आधीच सांगितलं. तिनं तराजूतली डाळ डब्यात ओतली.

"ऱ्हा की," ती म्हणाली. "पर आडावर यायचं न्हाई. पाणी मी वरून वतीन."

मी हो म्हणाले. कचेरीत भिंतींना नव्या चुन्याचा वास होता, टेबलं अजून जुन्या जिल्ह्याहून येत होती. पण मशीनसमोरची खुर्ची माझी होती. साहेब मला 'बाई' म्हणून हाक मारायचे, आणि त्या साध्या हाकेनं मी दिवसभर तरंगत असे.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. आड आटला, नळ कोरडे पडले. उन्हाळ्यात गावाचा रंगच उडाला. रविवारच्या दुपारी ओलं फडकं तोंडावर टाकून आम्ही मायलेकी फरशीवर पडायचो. अर्धवट झोपेत मी कालव्यात पाय सोडून बसलेली असे. मग गल्लीत कुणीतरी ओरडायचं, "टँकर आला!" आणि पाय पुन्हा कोरडे व्हायचे.

एकदा असाच टँकर आला, तर अक्का बाहेर दिसली नाही. ती तापानं फणफणली होती. मी तिच्या घागरी उचलल्या, भरल्या आणि तिच्या उंबऱ्याशी येऊन थांबले.

"अक्का, पाणी. कुठं ठेवू?"

घागरीचं पाणी कडेवरून माझ्या पायावर ओघळत होतं. मग ती म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? आत ये. रांजणात वत."

मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. आत अंधार होता, गार होतं, हरभऱ्याच्या डाळीचा वास होता. मी रांजणात पाणी ओतलं. नंतर मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. ती डोळे मिटून होती. तिनं माझा हात बाजूला सारला नाही. त्या दिवसानंतर वरून ओतणं संपलं.

मे महिन्यात नवरा न्यायला आला. आल्या आल्या सवयीनं त्यानं तांब्याभर पाणी पायांवर घेतलं.

मुलगी धावत आली. "बाबा, लई सांडायलात तुम्ही!"

तिच्या तोंडची ती लातुरी बोली ऐकून तो हसला. जेवताना म्हणाला, "हे काय जगणं आहे? पोरीला अंघोळीला पाणी नाही. तिकडं काय कमी होतं तुला?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "पण तिकडं मी नव्हते."

त्याला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मला पोचवायला कचेरीत आला आणि दाराशी उभा राहून मी टाइप करताना बघत राहिला. माझं लक्ष गेलं तेव्हा त्याचा चेहरा कुणा अनोळखी बाईकडं पाहावं तसा झाला होता. संध्याकाळी त्यानं बॅग भरली, ती फक्त स्वतःची.

काही वर्षं आमचा संसार दोन्हीकडं चालला. सुट्टीत आम्ही तिकडं जायचो, मनसोक्त न्हायचो, दूध-तुपात सुस्तावायचो आणि परत यायचो. पुढं लातूरकडंही साखर कारखाना उभा राहिला, फिटर हवे होते. तो आला, एक ट्रंक आणि हत्यारांची पेटी घेऊन. अक्कानं दुकानाच्या फळ्या लावल्या आणि त्याला पहिल्यांदा नीट न्याहाळलं.

"आता जायाचं न्हाई न्हवं?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि पेटी आत ओढू लागला.