नखावरचा निळा

आमच्या देवराज मोहल्ल्यात गाड्यांवरचे ओरखडे रंगवणारा एक माणूस आहे. त्याच्या घरचे पूर्वी कापड रंगवायचे. रंग जुळवताना तो डाव्या अंगठ्याच्या नखावर थेंब घेतो, उन्हात धरतो आणि स्वतःलाच कानडीत बजावतो, "निधान, निधान. सावकाश, घाई नको." संध्याकाळी थिनरने नख पुसल्याशिवाय तो घरी जात नाही.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे विजेवरची एक निळी गाडी आली, दारावर ओरखडा पडलेली. जगात अशा मोजक्याच बनवलेल्या. दोन सेकंदांत शंभरचा वेग घेते, असं मालक सांगत होता. हा मात्र डोळे मिटून दाराच्या वळणावरून हात फिरवत राहिला. "वारा कुठं अडतच नाही, अल्वा? हो ना?" एवढंच मला म्हणाला.

रंग चुकला तर अख्खं दार परदेशी पाठवावं लागणार होतं. सहा वेळा त्याने रंग मोडून पुन्हा जुळवला. सातव्या खेपेनंतर ओरखडा कुठे होता ते मलाही सापडेना.

खूश होऊन मालक म्हणाला, "बसा, एक फेरी मारू."

"नको सर, रंग ओला आहे," म्हणत त्याने गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलू दिली नाही.

आठवडा झाला तरी त्याचं नख निळंच होतं. थिनर संपलं का, मी विचारलं.

नख उन्हात धरून तो म्हणाला, "वाळू दे की. घाई काय आहे?"