अहवालातून गाळलेलं घर

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्याजवळ माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी ख्याती आहे. बाहेर दोघींना सांगावं लागलं, त्या पुढे येतीलच. लाज आहेच. पण लाजेपेक्षा जास्त आहेत ते एका बाईचे उपकार, आणि ते बोलायचे तर आधी माझं करणं सांगायला हवं.

मी कॅनडात, बर्नाबीच्या एका विद्यापीठात काम करते. वंशभेद आणि समान संधी यांवर तिथे संशोधन चालतं. लोकांना बोलवायचं, मुलाखत घ्यायची, मराठीतली असेल तर इंग्रजीत आणायची, आणि त्यात महत्त्वाचं काय ते प्रोफेसरबाईंना सांगायचं. बाई गोऱ्या, फार सज्जन. मराठी माणसांबद्दल मी म्हणेन ते त्या खरं मानत. दुसरं कोण होतं त्यांना सांगायला?

आमचा एक प्रश्न ठरलेला असे. ऑफिसात कुणी ‘तू मूळची कुठली?’ असं विचारलं की कसं वाटतं? या विषयावर मी सभांमधून बोललेय, आवाज दाटून वगैरे. आणि मी स्वतः? किती जणींना विचारलं असेल — मूळच्या कुठल्या, नागपुरात कुठे, माहेरचं आडनाव काय? गोड आवाजात, फोडणी घालता घालता. आपल्याकडे हे आपुलकीनं विचारतात, असं मी स्वतःला समजावत असे. मग हवं ते उत्तर मिळेपर्यंत आपण थांबत का नाही?

तर एक दिवस मुलाखतीला सुजाता आली. खरं नाव वेगळं आहे. नागपूरची, बौद्ध, टेक कंपनीत इंजिनिअर. दारातच मला पाहून थबकली. आमची जुनी ओळख होती. ती परत गेली तर बरं, असं मला वाटलं — हो, वाटलं. पण ती येऊन बसली.

“तुम्हीच घेणार का? बरं झालं. मराठीत बोलता येईल.”

मॅनेजरबद्दल बोलली, अडलेल्या प्रमोशनबद्दल बोलली. शेवटी मी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणखी काही सांगायचंय?

“आहे ना. ऑफिसमधलं सांगितलं, पण इथे मला सगळ्यात आधी बाजूला काढलं ते आपल्याच लोकांनी. एका घरी पॉटलकला गेले होते, सगळ्यांसारखा एक पदार्थ करून घेऊन. किचनमध्ये विचारलं मूळच्या कुठल्या, मी सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून ग्रुपवर मेसेजच येईनात. मला वाटलं, सगळ्या बिझी असतील. मग ग्रोसरी घेताना एक जण भेटली. म्हणाली, अगं, नवा ग्रुप केलाय ना! जुना अजून आहे माझ्या फोनवर. डिलीट नाही केला.”

एका घरी, ती म्हणाली. ते घर माझं होतं. नवा ग्रुप मीच काढला होता.

तसं करायला मला कुणी सांगितलं होतं का? नाही. मी वाईट शब्द तरी उच्चारला का? तोही नाही. ‘ग्रुप फार मोठा झालाय’ एवढंच बाकीच्यांना म्हणाले. सगळ्यांना कळलं आणि कुणीच काही विचारलं नाही. माणसाला वगळणं इतकं सोपं असतं, तेही अगदी हसतमुखानं.

रेकॉर्डर चालू होता. तिनं नाव घेतलं असतं तर? घेतलं नाही. माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. मी ‘थँक्यू’ म्हटलं आणि बटण बंद केलं.

तो भाग मी इंग्रजीत आणलाच नाही. शेवटी घरगुती गप्पा झाल्या, असं प्रोफेसरबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं होतं — जातीचं काही येतं का गं यात? मी हसले. म्हटलं, ते सगळं तिकडेच राहिलं.

अहवालाचं कौतुक झालं. माझी नोकरी पक्की झाली. प्रकाशनाला सुजाता शाळकरी मुलीला घेऊन आली होती. मुलीनं पानं उलटून पाहिली आणि विचारलं, “आई, विच पार्ट इज यू?”

“आहे गं, मधे मधे,” सुजाता म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “फार मेहनत घेतलीत तुम्ही.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून जातीवरच नवा प्रकल्प निघाला. प्रोफेसरबाईंनी पहिलं मलाच बोलावलं. तेव्हा सांगितलं — मी गाळलं, आणि ते घर माझंच. मग मुलाखतींचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. योग्यच केलं.

त्याच संध्याकाळी सुजाताला फोन केला. गाळल्याचं सांगितलं, नवा प्रकल्प निघाल्याचंही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “प्रकाशनाहून घरी गेल्यावर मुलीलाही सांगितलं होतं मी, तो भाग गाळलाय म्हणून. परत बोलायला येईन. पण मुलाखत तुम्ही घ्यायची नाही. ट्रान्सलेशनही तुम्ही नाही.”

इतकं सरळ माझ्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. जिनं तोडलं तिच्याच समोर बसून तिनं खरं सांगितलं होतं, माझं नाव झाकून ठेवलं होतं, आणि आता मला माझी जागाही नीट दाखवली. हे उपकार नाहीत तर काय?

ती आली त्या दिवशी खोली मीच बुक केली, पाणी ठेवलं, हीटर वाढवला. “कशा आहात?” म्हणाली आणि आत गेली. मुलाखत घेणाऱ्या नव्या मुलीनं दार लावून घेतलं. मी बाहेर माझ्या टेबलाशी बसले. माझ्यासमोर ती जेमतेम तासभर बोलली होती. या वेळी जेवणाची वेळ टळून गेली तरी दार उघडलं नव्हतं.