उठणाऱ्याला गाठणारी चिझुरुताई

पाडायला कुणालाही येतं. जपानातल्या आमागासाकी स्टेशनमागच्या आमच्या गेम सेंटरमध्ये कालची पोरंपण स्क्रीनवर एकमेकांना पाडतात. पण पडलेला उठतो ना, खरी मारामारी तिथं चालू होते. आणि त्यात चिझुरुताईचा हात धरणारं कुणी नाही. पटत नसेल त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं.

ताई लाँड्रीत शर्टांना इस्त्री करते. सुटली की थेट इथं.

स्क्रीनवर पडलेला गडी पूर्ण उठेपर्यंत त्याला काही करता येत नाही. तो उभा राहील तेव्हा तुझी लाथ तिथं आधीच हजर पाहिजे. लवकर मारली तर वाया, उशीर केला तर तोच तुला हाणणार. ताईची वेळ चुकतच नाही. तीच पंचाईत! ती मारणारच, हे सगळ्यांना पाठ. गेल्या वर्षी एकानं उभं राहताक्षणी, लाथ लागायच्या आत, उडी मारून ठोसा हाणला आणि ताईची स्पर्धेच्या संघातली जागा गेली, फळ्यावरचं नावही पुसलं.

यंदाही एकच जागा उरलेली. समोर कोबेचा कुरामोची. मशीनी पाठीला पाठ लावलेल्या, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मी कुरामोचीच्या मागे उभा. शेवटच्या डावात ताईनं त्याचा गडी पाडला आणि मला त्याचा बटणांवरचा हात दिसला. गेल्या वर्षीचाच ठोसा मारायच्या तयारीत! ओरडणारच होतो. पण आमच्याकडे मागून सांगणं म्हणजे खेळणाऱ्याचं नाक कापणं. ताईनं पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं. स्क्रीनकडे बघत राहिलो.

ताई पुढं सरकली आणि मारलंच नाही. नुसती बचावाला हात आडवे धरून थांबली. याचा गडी ठोसा हाणत वर उडाला, हवेत हात मारून खाली येतोय, तोच ताईनं झोडपला. पुन्हा पाडला. आता हा घाबरून अंग आवळून उठला, तर ताईनं सरळ उचलून आपटला. खेळ खलास!

कुरामोची मशीनला वळसा घालून आला. "ताई, मारायचं नाही हे कधी ठरवलं?"

"तू बटणं बडवायला लागलास तेव्हा. केवढा खडखडाट करतोस रे! माझ्या खुर्चीपर्यंत हादरे येतात."

कुरामोचीनं मान खाली घातली, पण हसला.

मालक हिगाकीकाका फळ्यावर संघातलं शेवटचं नाव लिहायला लागले.

"काका, जरा मोठं काढा," ताई म्हणाली. "गेल्या वर्षीचं लवकर पुसलं होतं."