हजेरीपुरती

आमच्या वस्तीवर बाहेरचं माणूस सहसा फिरकत नसे. मतं मागायला यायचे, हिवतापाची फवारणी करायला यायचे, आणि जून महिन्यात प्राध्यापक यायचे. पहिल्या दोघांचं येण्याचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्राध्यापकांचं कारण कळायला मला कॉलेजचं एक अख्खं वर्ष लागलं, आणि ते वर्ष मला कुणी परत दिलं नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. आमचं गाव निफाड तालुक्यात, द्राक्षांच्या पट्ट्यात. नाशिकच्या कॉलेजात एखाद्या विषयाला पुरेशी मुलं मिळाली नाहीत की विषय बंद व्हायचा, आणि विषय बंद झाला की शिकवणाऱ्याची नोकरी जायची. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की लहानसहान विषयांचे सर लोक एस.टी.त बसून मुलं गोळा करायला निघत. कुणी पेठच्या डोंगरात जाई, कुणी नांदगावकडे. पालीच्या सरांनी बौद्ध वस्त्या धरल्या होत्या. कुठल्या बाजारात कुठला माल खपतो हे त्यांना बरोबर कळत होतं.

ते आमच्याकडे आले तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. आबा आणि आई एका बागायतदाराच्या द्राक्षमळ्यात जोडीनं कामाला होते. जोडीनं म्हणजे नवरा-बायको मिळून वर्षाची बोली. दोघांतलं एक कमी झालं की दुसऱ्यालाही काम नाही. त्या मळेवाल्याच्या पडवीत आमच्यासाठी कान तुटलेला एक कप वळचणीला खोचलेला असायचा. चहा त्यात मिळायचा, आणि पिऊन झाल्यावर तो आपणच विसळून पुन्हा वळचणीला खोचायचा.

सर बाजेवर बसले. आईनं आमच्यातला त्यातल्या त्यात बरा, निळ्या फुलांचा कप काढला आणि भीतभीतच पुढे केला. सरांनी तो घेतला, फुंकर मारली आणि शेवटच्या थेंबापर्यंत चहा पिऊन टाकला. वर म्हणाले, "वहिनी, झकास झालाय." मग आबांकडे वळले. "भाऊ, पाली ही तुमची भाषा. तुमच्याच मुलांनी नाही शिकायची तर कुणी शिकायची? हॉस्टेलचं मी बघतो, पुस्तकं मी देतो. पोरीची जबाबदारी माझी."

आबा पौर्णिमेला वस्तीत पालीतली बुद्धवंदना सांगत. सगळं पाठ होतं, सूरही चांगला होता, पण अर्थ येत नव्हता आणि ती टोचणी त्यांना कायम होती. सर गेल्यावर ते मला म्हणाले, "तू शिक आन मला येकेका शब्दाचा अर्थ सांग. म्हणून म्हणून जल्म गेला, काय म्हणतो ते कळू तरी दे." पण खरं सांगायचं तर त्यांना पटवलं ते अर्थानं नाही, चहानं. "येवढा शिकलेला मानूस, आपल्या कपात च्या प्याला. गाळसुदीक ठेवला नाय," हे त्यांनी वस्तीत घरोघर सांगितलं. तो निळ्या फुलांचा कप त्यांनी फळीवर वेगळा ठेवला आणि पुन्हा कुणाला वापरू दिला नाही. कप वेगळा ठेवायचे दोन प्रकार असतात हे मी तेव्हा पाहिलं.

मी नाशिकला आले, हॉस्टेलला राहिले. पहिले दोन महिने सरांनी आम्हाला फुलासारखं जपलं. कोण आलं, कोण नाही, कुणाला ताप आहे, सगळ्याची विचारपूस. एकदा आम्हा मुलींना गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, नेऊन भेळ खाऊ घातली. मग विद्यापीठाला विद्यार्थ्यांची संख्या कळवायची तारीख येऊन गेली, आणि दुसऱ्याच आठवड्यापासून सर पाच-दहा मिनिटं उशिरा यायला लागले. फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि आमच्याकडे तोंड न वळवता निघून जायचे. कामापुरता मामा म्हणतात तो हाच. पण शिकवायचे बरं, हे कबूल करायला हवं. वंदनेतला एकेक शब्द मला उलगडत होता आणि शनिवारी घरी गेले की आबा मला ओट्यावर बसवून ऐकत. आईला म्हणत, "बघ, म्या म्हनत व्हतो ते हे व्हतं." त्यांचा तो चेहरा आठवला की आजही मला पहिल्यांदा आनंदच होतो, राग नंतर येतो.

दसरा झाला, ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली आणि आईला कावीळ झाली. जोडी मोडली. मळेवाल्यानं स्पष्ट सांगितलं, बाई आणा नाहीतर दुसरी जोडी बघतो. मीच आईच्या जागी उभी राहणार हे उघड होतं. आता इथे आबांनी ती चूक केली जी फक्त आमच्यासारखेच लोक करू शकतात. ते म्हणाले, "न सांगता जायचं नाय. मळ्यातसुदीक आपन एक दीस चुकवायचा तर सांगून चुकवतो. अर्ज दे." मी कॉलेजच्या ऑफिसात रीतसर अर्ज दिला, की आई आजारी असल्यानं दोनेक महिने येता येणार नाही. सरांनाही जाऊन सांगितलं. ते पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "जा, जा. काही काळजी करू नकोस. मी आहे ना."

त्या दोन महिन्यांचं फार सांगत नाही. छाटणी, मग काड्या बांधणं, मग घड विरळणं. कात्रीनं मणी काढून टाकायचे, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. आता पेपरात महाविद्यालयीन गळतीवर लेख येतात, त्यात आमच्यासारख्यांच्या कहाण्या असतात. गळती म्हणे! पान गळतं, छप्पर गळतं, त्याला कुणाचा हात लागत नाही. माझ्या हातात कात्री होती दोन महिने, मला कुणी गळतीचं सांगू नये.

आई उठून बसायला लागली तशी मी परत गेले. सीबीएसच्या एस.टी. स्टँडवर उतरून थेट कॉलेज गाठलं. नोटीस बोर्डावर नाव कमी केलेल्यांची यादी होती आणि तिच्यात मी होते. ऑफिसातल्या हेडक्लार्कनं मला माझाच अर्ज दाखवला. "तूच लिहून दिलंयस ना, येणार नाही म्हणून? मग आम्ही तुला हजर कशी दाखवणार?" आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं दिवाळीनंतर लग्न झालं होतं आणि ती नांदगावला सासरी नांदत होती. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे पटावर ती अजून होती, आणि वर्गात कुणीतरी तिच्या नावाला "येस सर" म्हणतही होतं. मी सांगून गेले म्हणून गैरहजर, ती न सांगता गेली म्हणून हजर. आबांना हे काय समजावणार होते मी?

नाव कमी म्हणजे हॉस्टेलही बंद. मी सरांकडे गेले. मला पाहून ते चक्क खुर्चीतून उठले. "बरं झालं आलीस! परवा विद्यापीठाची समिती येतेय. वर्गात मुलं दिसली नाहीत तर विषयच उडेल. तू बसायचंच." मी म्हटलं, सर, पण माझं नावच कमी झालंय. त्यांनी पट उघडून वरखाली पाहिला. मग म्हणाले, "हरकत नाही. तू तिच्या नावानं बस." तिच्या म्हणजे नांदगाववालीच्या. "आणि माझ्या नावाचं काय?" "ते मी करतो. समिती एकदा जाऊ दे, दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे तुला घेऊन जातो. माझा शब्द."

शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून माझ्याकडे दुसरं काय होतं? मी बसले. समितीच्या दिवशी सकाळी सरांनी माझ्याकडून ते नाव चार-पाचदा म्हणवून घेतलं. म्हणाले, "सवय होऊ दे, हाक मारली की लगेच उठायचं." वर्ग गच्च भरला होता. निम्मी मुलं कॉमर्सची, त्यांना कॅन्टीनचे वडे कबूल केले होते.

समितीतले एक वयस्कर गृहस्थ भले होते. त्यांनी पट हातात घेतला, सहज एक नाव वाचलं, आणि ते नेमकं मला दिलेलं नाव निघालं. मी उठले. काही म्हणून दाखव, म्हणाले. मी आबांच्या चालीवर वंदना म्हटली आणि मग एकेका ओळीचा अर्थ सांगितला, थांबले नाही. ते गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, "पोरी, घरात कुणी शिकवलं हे?" "वडिलांनी," मी म्हटलं. "आणि अर्थ?" "सरांनी." सर इतके खूश झाले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांतही आलं होतं. मला वाटलं, आता कुठल्या तोंडानं मला काढतील?

काढलं नाहीच म्हणा, कारण मी आत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सर रजेवर. तिसऱ्या दिवशी "प्राचार्य बाहेरगावी गेलेत". पुढच्या आठवड्यात भेटले ते जिन्यावर, घाईत. "बघू. लेखी अर्ज आहे ना तुझा, तिथे अडतंय. कशाला दिलास?" हॉस्टेलच्या बाईंनी ट्रंक बाहेर ठेवायला सांगितली. निघायच्या दिवशी पुन्हा बोर्ड पाहिला. सरांचा विषय राहिला होता. टर्म मंजूर झालेल्यांत नांदगाववालीचं नाव होतं, आणि त्याच्यापुढे विशेष उल्लेख, समितीनं केलेल्या कौतुकाचा. ती बिचारी तेव्हा सासरच्या चुलीशी भाकऱ्या थापत असेल. मी म्हटलेली वंदना तिच्या खात्यावर जमा झाली.

घरी आले. आबांना सगळं सांगितलं, नाव बदलून बसल्याचंही. त्यांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "सर तरी काय करनार? हापिसाच्या फुडं त्यांचं चालत नसंल. मानूस वाईट नाय. आपल्या कपात च्या प्यालेला मानूस हाय." मला त्यांचाही राग आला. सरांनी माझं वर्ष नेलं ते एक वेळ ठीक, पण माझ्या बापाचा असा विश्वास त्यांनी कमावला होता आणि तोही फुकटात, हे मला सहन होत नव्हतं. आईला बहुधा माझ्यासारखंच वाटत असावं. ती एकदा तो कप कोंबड्यांना दाणे घालायला घेऊन निघाली, तर आबांनी तिच्या हातातून घेऊन पुन्हा फळीवर ठेवला. मी मळ्यात जायला लागले. संध्याकाळी आबा उरलेल्या ओळींचा अर्थ विचारत, आणि मी सांगे, "तिथवर शिकलेच नाही."

पुढचा जून आला. माझी धाकटी बहीण बारावी झाली होती. दुपारी दोन माणसं वस्तीकडे येताना दिसली, एक नवखा तरुण, कॉलेजातलाच कुणी असावा, आणि एक आमचे सर. आबा लगबगीनं उठले, बाज झटकली, फळीवरचा कप स्वतः पुसून आईपुढे ठेवला. हळूच मला म्हणाले, "तुझंच बघायला आले असत्याल. म्या म्हनलं नव्हतं?"

सर बसले. "भाऊ, पाली ही तुमची भाषा," इथून सुरुवात झाली. हॉस्टेल आलं, पुस्तकं आली, "पोरीची जबाबदारी माझी" आलं. आबा माझ्या विषयाची वाट बघत मान हलवत होते. मी चहा घेऊन गेले. सरांनी कप घेतला, दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघून आबांना विचारलं, "ही थोरली का? बारावी झालीय ना? मग हिलाही पाठवा की. दोघी बहिणी बरोबर राहतील."

आबांची मान हलायची थांबली.

मी म्हटलं, "येते सर. उद्या पहिल्या गाडीनं येते. फक्त माझं नाव सांगा."

ते गोंधळले. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ओळख पटल्याचा खराखुरा आनंद होता तो. "अगं, तू! समितीपुढे वंदना म्हटलीस ती! तुला कसा विसरेन मी?" असं म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं, एकही अक्षर न चुकता, नाव घेतलं. नांदगाववालीचं.

आबा उठले. सरांच्या हातातून त्यांनी कप काढून घेतला. चहा अजून अर्धा होता.